ऑटिझमचं कारण शोधताना झडती मात्र आईची

माझ्या धाकट्या बहिणीकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या ऑटिस्टिक मुलाच्या थेरपीच्या तारखा, फीचे हिशेब, शाळेतल्या बाईंशी झालेलं बोलणं, कुठल्या भाजीचा वास त्याला सहन होत नाही, असं सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. शेवटच्या दोन पानांवर मात्र तिने लोकांनी विचारलेले प्रश्न उतरवून ठेवलेत. ग्रहण पाळलं नव्हतंस का? सिझेरियनच झालं ना तुझं? सातव्या महिन्यापर्यंत स्कूटर चालवत होतीस म्हणे? लोहाच्या गोळ्यांनी उष्णता झाली असेल का? लस टोचल्यावरच सुरू झालं ना हे? मोबाईल किती वेळ द्यायचीस? नोकरी सोडली असतीस तर? तुझ्या माहेरी होतं का कुणी असं?

भाचा आता अकरा वर्षांचा आहे आणि प्रश्न सव्वीस जमलेत. विचारणाऱ्यांत सासरचे आहेत, माहेरचे आहेत, शेजारणी आहेत, दोन डॉक्टर आहेत. शेअर रिक्षात शेजारी बसलेली एक अनोळखी बाईसुद्धा आहे. बहुतेकांनी कळवळ्यानेच विचारलं. पण यातला एकही प्रश्न तिच्या नवऱ्याला कुणी विचारलेला नाही.

कारण शोधण्यात काही गैर नाही. ज्यांचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नाही, त्या आईबापांना 'कशामुळे' हे जाणून घ्यायचंच असतं, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर देणं हे वैद्यकाचं काम आहे. माझी तक्रार आहे ती त्या प्रश्नाचं आपल्याकडे पुढे जे होतं त्याबद्दल. बघता बघता त्याची झडती होते, आणि झडती एकाच माणसाची घेतली जाते. गेल्या पन्नास वर्षांत ऑटिझमच्या कारणांबद्दल पुष्कळ कळलं आहे. त्यातलं जवळजवळ सगळं त्या आईच्या बाजूने साक्ष देणारं आहे. आणि जे थोडं खरोखर टाळता येण्यासारखं आहे, त्याबद्दलचा प्रश्न वहीतल्या सव्विसांत एकही नाही.

(ऑटिझम म्हणजे बोलणं आणि माणसांशी जोडून घेणं वेगळ्या रीतीने घडणं; मराठीत त्याला 'स्वमग्नता' म्हणतात. मी तो शब्द टाळते. स्वतःत मग्न असलेलं मूल म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी त्याला बाहेर ओढायला कमी पडलंय. शब्दातच अर्धा आरोप येऊन बसतो.)

ही झडती आपल्याकडे सुरू झालेली नाही. तिला मोठा विद्वान इतिहास आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला. ऑटिझम ही वेगळी अवस्था म्हणून जगाला माहीत झाली ती मुख्यतः त्या निबंधामुळे. ही मुलं जन्मतःच हे वेगळेपण घेऊन येतात, असं कॅनर यांनी शेवटी लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. पण त्याच निबंधात या मुलांचे आईवडील फारसे मायेचे दिसत नाहीत, असंही एक निरीक्षण होतं. पुढे तो निष्कर्ष विसरला गेला आणि निरीक्षण फोफावलं. खुद्द कॅनर १९४९ मध्ये लिहून गेले की ही मुलं जणू कधी न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी वाढली.

मग शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रुनो बेटलहाइम आले. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छावण्यांतून ते वाचलेले. छावणीतले कैदी जसे आतून मिटून जात, तशीच ही मुलं मिटतात, असं त्यांनी १९६७ च्या पुस्तकात मांडलं. मूल कैदी, तर पहारेकरी कोण? आई. आईवडिलांपासून मूल दूर ठेवणं हाच मग उपचार ठरला. बेटलहाइम वैद्यक शिकलेले नव्हते, पण त्यांची वाणी आणि लेखणी दोन्ही प्रभावी होती. अमेरिकेतल्या आयांची एक अख्खी पिढी या आरोपाखाली जगली. कुशीत न शिरणाऱ्या मुलाला रात्रभर सांभाळून सकाळी तज्ज्ञासमोर बसायचं आणि 'तुमच्याच थंडपणामुळे' हे ऐकायचं, हे त्यांचं प्राक्तन होतं.

त्याविरुद्ध पहिला ठाम आवाज एका बापाचा होता. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता आणि आपल्या बायकोत प्रेमाची कमतरता नाही, हे त्यांना घरातच दिसत होतं. उपलब्ध संशोधन चाळून त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं: ऑटिझमचं मूळ मेंदूत आहे, आईच्या वागण्यात नाही. त्याला प्रस्तावना कॅनर यांनीच लिहिली. १९६९ मध्ये पालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सभेत कॅनर उभे राहिले आणि त्यांनी पालकांना जाहीरपणे निर्दोष मुक्त केलं. कोर्टात वापरतात तोच शब्द त्यांनी वापरला. सव्वीस वर्षं खटला चालला होता, याची ती कबुली होती.

पण पुरावा लागतोच. तो १९७७ मध्ये लंडनहून आला. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनभरातून जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या शोधल्या, ज्यांत निदान एक मूल ऑटिस्टिक होतं. अकरा जोड्या एकाच बीजातून झालेल्या, हुबेहूब जुळ्यांच्या. दहा वेगवेगळ्या बीजांच्या. दोन्ही गटांत प्रत्येक जोडीची आई एकच, घर एकच, गरोदरपण एकच. हुबेहूब जुळ्यांत अकरापैकी चार जोड्यांमध्ये दोन्ही मुलं ऑटिस्टिक निघाली. वेगळ्या जुळ्यांत दहापैकी एकाही जोडीत नाही. आईचा थंडपणा कारण असता तर तो एका जोडीला लागू आणि दुसरीला नाही, असं कसं झालं असतं? आकडे लहान होते, पण पुढचं सगळं संशोधन त्याच दिशेने गेलं. २०१९ मध्ये डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. एखाद्याला ऑटिझम असणं आणि दुसऱ्याला नसणं, या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग जनुकांशी निगडित आहे, असा निष्कर्ष निघाला.

इथे मला थांबून बोलायचंय, कारण मराठी घरात 'आनुवंशिक' हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ 'घराण्याचा दोष' असाच लावला जातो. 'जनुकं' ऐकलं की सासू सुनेच्या माहेराकडे बघते, सून सासरच्या त्या अविवाहित काकांकडे बघते आणि धाकट्या नणंदेचं लग्न जमवताना भाच्याचं नावच पत्रिकेतून गाळलं जातं. ज्या ज्ञानाने आई सुटायला हवी, तेच ज्ञान तिच्या गळ्याभोवती नव्याने आवळलं जातं.

म्हणून जनुकांची गोष्ट नीट सांगायला हवी. ऑटिझमचं एक जनुक नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने १०२ जनुकं निश्चित केली, आणि त्याशिवाय हजारो लहानलहान भेद असे आहेत, जे प्रत्येकी जेमतेम थोडा भार टाकतात. ते तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत आहेत. कुणात ते कसे एकत्र येतील, याचा ताबा कुणाकडेच नाही. एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणारे प्रकारही आहेत: फ्रॅजाइल एक्स, ट्युबरस स्क्लेरोसिस, मुलींतला रेट सिंड्रोम. जनुकीय तपासणी करायला सांगतात ती यासाठी. तिच्यातून बहुतेक मुलांत काही हाती लागत नाही, पण ज्या थोड्यांत लागतं, तिथे फिट्सवर, मूत्रपिंडावर आधीपासून लक्ष ठेवता येतं आणि पुढच्या बाळाच्या आधी आईवडिलांना नीट सल्ला मिळतो. एक मूल ऑटिस्टिक असेल तर पुढच्या भावंडात ते दिसण्याची शक्यता साधारण पाचात एक असते. त्या भावंडाकडे पहिल्या वर्षापासून लक्ष द्यायचं ते यामुळे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगतच नाही. कित्येक मुलांमधले बदल आईतही नसतात आणि बापातही नसतात. ते बीज तयार होताना नव्याने घडतात. २०१२ मध्ये आइसलंडमधल्या कुटुंबांचा जनुकीय अभ्यास झाला. आईकडून बाळाकडे साधारण पंधरा नवे बदल येतात, तिचं वय काहीही असो. बापाकडून येणारे बदल मात्र त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षागणिक सुमारे दोनने वाढतात: विशीच्या बापाकडून पंचवीसच्या आसपास, चाळिशीच्या बापाकडून पासष्टच्या आसपास. बहुतेक बदल निरुपद्रवी असतात. पण बापाच्या वाढत्या वयाबरोबर ऑटिझमची शक्यता थोडी वाढते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आता बापांची झडती सुरू करा, असं मला म्हणायचं नाही. चाळिशीत बाप होणारा माणूस कुठलाही गुन्हा करत नाही आणि अशा बहुसंख्य बापांची मुलं ऑटिस्टिक नसतात. मला फक्त एवढंच दिसतं, की अकरा वर्षांत, सव्वीस प्रश्नांत, 'तुमचं वय काय होतं हो तेव्हा?' हे माझ्या मेहुण्यांना एकानेही विचारलं नाही.

वहीत नसलेला, पण खरोखर विचारायला हवा असा प्रश्न हा: गरोदर राहण्याआधी तू फिट्सचं औषध घेत होतीस का, आणि कुठलं? व्हाल्प्रोएट हे फिट्सवरचं जुनं, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ या काळात जन्मलेल्या साडेसहा लाख मुलांचा अभ्यास झाला. ज्यांच्या आयांनी गरोदरपणात व्हाल्प्रोएट घेतलं होतं, त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण शेकडा साडेचारच्या आसपास निघालं. एकूण मुलांत ते दीडच्या आसपास होतं. इतर जन्मदोषांचाही धोका या औषधाने वाढतो. आपल्याकडे मुलीला फिट्स येतात हे लग्नाआधी लपवलं जातं. लग्नानंतर ती गोळ्या चोरून घेते, किंवा अचानक बंद करते, आणि ते तर जिवावर बेतू शकतं. दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेणं बहुतेकदा शक्य असतं. पण त्यासाठी मुलीला ते उघड बोलता आलं पाहिजे. ग्रहणात घराबाहेर पडू नकोस म्हणून सांगणाऱ्या आपल्या समाजात फिट्सबद्दल बोलायची मात्र सोय नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

बाळंतपणाचंही तसंच. वेळेच्या फार आधी जन्मलेली, अगदी कमी वजनाची बाळं, यांच्यात ऑटिझमसह मेंदूच्या वाढीचे इतर प्रश्नही जास्त आढळतात. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत उत्तर गोवाही होता. त्याने एकट्या ऑटिझमकडे न बघता मेंदूच्या वाढीशी संबंधित सगळ्याच अडचणी मोजल्या, आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टींत समोर आलं ते हे: जन्मताच न रडणं, जन्मतः कमी वजन, घरी झालेलं बाळंतपण, जन्मानंतरच्या दिवसांतला गंभीर आजार. म्हणजे बाळंतपणाच्या वेळी हाताशी कोण होतं, रुग्णवाहिका किती वेळात आली, नवजात बाळाला श्वास द्यायला शिकलेली नर्स होती की नाही, हे प्रश्न. ते सरकारला विचारायचे असतात. आपण ते बाळंतिणीला विचारतो. हवेच्या प्रदूषणाशीही दुवा दाखवणारे अभ्यास आहेत. तिथेही आईने काय करायचं? श्वास धरून बसायचं?

लसीच्या प्रश्नावर बहीण सगळ्यात जास्त थकली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शाळाशाळांतून. तेव्हा तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लसीने ऑटिझम होतो असा एक लांबलचक मजकूर फिरला आणि त्यात तिच्याच मुलाचं उदाहरण देण्यात आलं. तिला न विचारता.

त्या मजकुराचं मूळ १९९८ मधलं आहे. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 'द लॅन्सेट' या नियतकालिकात बारा मुलांवर आधारित लेख लिहिला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर संशय घेतला. पत्रकार ब्रायन डीअर यांनी नंतर त्यातले लपवलेले आर्थिक हितसंबंध आणि फिरवलेल्या नोंदी उघड केल्या. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफिल्डचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं. तोवर डेन्मार्कमध्ये पाच लाखांवर मुलांचा अभ्यास झाला होता. पुढे २०१९ मध्ये साडेसहा लाख मुलांचा झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं नव्हतं. जपानने तर वेगळ्याच कारणासाठी १९९३ मध्ये ही एकत्र लस बंदच केली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांमध्ये योकोहामात ऑटिझमच्या नोंदी वाढतच राहिल्या. लस गेली, ऑटिझम राहिला.

पण मला या मजकूर पाठवणाऱ्यांना सांगायची आहे ती गोष्ट याहून जुनी आहे. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली होती. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष होऊ शकतात. न्यूयॉर्कमधल्या बालमनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशा २४३ मुलांना तपासलं, आणि त्यांतल्या अठरा मुलांमध्ये त्यांना पूर्ण किंवा अंशतः ऑटिझम आढळला. त्या काळात दहा हजार मुलांत चार-पाच एवढंच प्रमाण मानलं जाई. इथे अडीचशेच्या आत अठरा. गर्भातला रुबेलाचा संसर्ग हे ऑटिझमच्या मोजक्या पक्क्या बाह्य कारणांपैकी एक आहे, आणि ते रोखण्याचा मार्ग म्हणजे तीच लस. सोसायटीच्या गटावर जी लस ऑटिझम देते म्हणून सांगितली गेली, ती ऑटिझमचं एक कारण टाळणारी आहे. लसीच्या दिवशी ज्या घरांनी मुलींना शाळेत पाठवलं नाही, त्या मुली पुढे आया होतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल टाळायला सांगितलं आणि आठवड्याच्या आत वहीत सव्विसावा प्रश्न आला: 'ताप आला होता तेव्हा गोळी घेतलीस का ग?' स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ मध्ये जन्मलेल्या जवळपास पंचवीस लाख मुलांचा अभ्यास त्याच्या एक वर्ष आधीच प्रसिद्ध झाला होता. वरवर पाहता गोळी घेतलेल्यांत प्रमाण किंचित जास्त दिसत होतं. पण एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केल्यावर तो फरक नाहीसा झाला. सख्ख्या भावंडांची तुलना महत्त्वाची, कारण आई आणि घर तेच राहतं, जनुकंही बरीचशी सामाईक असतात. शिवाय गरोदरपणात अंगावर काढलेला तीव्र ताप स्वतःच बाळाला घातक असतो. तापाने फणफणलेल्या बाईला गोळी नाकारून आपण कुणाचं भलं करतो आहोत?

आणि आता मोबाईल. कॅनर यांच्या त्या फ्रिजची जागा त्याने घेतली आहे. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, शाळांच्या पालकसभांत, डॉक्टरांच्या रीलमध्ये सर्रास येतो. एका रुमानियन मानसशास्त्रज्ञाने तो गेल्या दशकात रूढ केला. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन्ही नियमावल्यांत (डीएसएम आणि आयसीडी) तो नाही. बाळाला मोबाईल द्यावा असं मी म्हणत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात, आणि ते योग्यच आहे. तासन्‌तास स्क्रीनसमोर बसलेल्या बाळाशी कुणी बोलत नाही, म्हणून त्याचं बोलणं मागे पडतं, हे खरं आहे. पण बोलणं मागे पडणं म्हणजे ऑटिझम नव्हे. कॅनर यांनी वर्णन केलेल्या अकरा मुलांनी मोबाईल पाहिला नव्हता.

जपानमध्ये २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक वर्षाचे असताना जास्त स्क्रीन पाहणाऱ्या मुलग्यांत तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान जास्त होतं. हा अभ्यास इथे वारंवार दाखवला जातो. पण तो उलटाही वाचता येतो, आणि ज्यांनी असं मूल वाढवलं आहे त्यांना तो उलटाच वाचता येतो. ज्या बाळाला माणसांच्या चेहऱ्यापेक्षा फिरणारा पंखा, पळणारी अक्षरं, तीच ती जाहिरात जास्त ओढून घेते, ते बाळ स्क्रीनकडेही जास्त ओढलं जातं. जे बाळ दिवसातून चार तास कर्कश रडतं आणि कशानेच शांत होत नाही, त्याची आई शेवटी मोबाईल पुढे करते. दोष तिचा नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूच्या ऊतींचा अभ्यास झाला. ऑटिझम असलेल्या अकरा मुलांपैकी दहा मुलांच्या मेंदूच्या बाह्यपटलात असे ठिपके सापडले, जिथे पेशींचे थर नीट रचले गेले नव्हते. हे थर रचले जातात आई गरोदर असताना. मोबाईल हातात यायच्या कितीतरी आधी.

'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही', हेही वहीत आहे. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांमध्ये २००० साली दीडशेत एक असं प्रमाण नोंदलं गेलं होतं, २०२२ मध्ये एकतीसात एक. आकडा भयंकर वाटतो. पण मधल्या काळात व्याख्या रुंदावली, बोलणारी आणि शाळेत जाणारी मुलंही तिच्यात आली, मुलींकडे लक्ष जाऊ लागलं. डेन्मार्कमध्ये नोंदणीची पद्धत बदलली, तेव्हा तिथल्या वाढीपैकी ६० टक्के वाढ निव्वळ निदान आणि नोंदीतल्या बदलांमुळे होती, असं मोजून दाखवलं गेलं. आपल्या गावांत ही मुलं होतीच. त्यांना 'घुमा' म्हणायचे, 'खुळा' म्हणायचे, कुणी 'देवाचं माणूस' म्हणून देवळाच्या ओट्यावर बसवायचे. आमच्या आजोळी एक होते. त्यांना पंचक्रोशीतल्या सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ होत्या, आणि कुणी अंगाला हात लावला तर ते किंचाळत. त्यांची मोजणी कुणी केली नाही. आपल्या १९९५ च्या अपंगत्व कायद्यातही ऑटिझम नव्हता. अपंगत्वाच्या यादीत तो आला २०१६ च्या कायद्याने.

जिथे उत्तर धूसर ठेवलं जातं, तिथे दुकान उघडतं. आईच्या मनातली अपराधाची भावना ही या दुकानांची पुंजी आहे. शरीरातला पारा काढतो म्हणून चिलेशन दिलं जातं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात ते देताना एक पाच वर्षांचा मुलगा दगावला. ज्या रिमलंड यांनी आयांना आरोपातून सोडवलं, तेच उतारवयात पारा आणि लसीच्या सिद्धांतामागे गेले, इतकी कारणाची ओढ माणसाला आंधळं करते. आपल्याकडे स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, इंजेक्शनांसाठी लोकांनी दागिने मोडले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये सांगितलं, की ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे. माझ्या बहिणीनेही एका ठिकाणी कोटेशन आणलं होतं. तिला मी हसले नाही. 'तुझ्यामुळे झालं' हे दहा वर्षं ऐकलेली बाई 'मीच ते दुरुस्त करीन' यावर विश्वास ठेवणारच.

भाचा दीड वर्षाचा असताना बोट करून काही दाखवत नसे. हवं असेल तर आईचा हात धरून तिकडे न्यायचा, हात त्या वस्तूवर टाकायचा, पण तिच्या तोंडाकडे बघायचा नाही. तिला ते खटकलं होतं. तिने विचारलं, तेव्हा घरच्यांनी सांगितलं की मुलगे उशिराच बोलतात, त्याचे मामाही तसेच. डॉक्टर म्हणाले, मोबाईल बंद करून सहा महिन्यांनी या. नंतर कुलदैवताचा नवस झाला, एका वैद्याची चाटणं झाली, घर बदलून झालं. निदान झालं तेव्हा तो तीन वर्षं आठ महिन्यांचा होता. कारणाच्या शोधात दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत त्याच्याशी कसं खेळायचं, चित्रं दाखवून कसं बोलायचं, कानाला त्रास होतो तेव्हा काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. ऑटिझमची लक्षणं आईच्या नजरेत भरण्याचं वयही नेमकं तेच आहे. लसीवर आळ आला तो या योगायोगामुळे. मग त्याच योगायोगाचा उपयोग का करू नये? महाराष्ट्रातलं जवळपास प्रत्येक मूल त्या वयात एकदा उपकेंद्रात, अंगणवाडीत किंवा दवाखान्यात येतं. डोस देऊन झाला की मुलाला अर्धा तास तिथेच थांबवतात. त्या अर्ध्या तासात आशाताईने किंवा नर्सने चार-पाच प्रश्न विचारायचे: नावाने हाक मारली की वळतो का? बोट करून दाखवतो का? तुम्ही दाखवलं की तिकडे बघतो का? टाटा करतो का? खोटंखोटं चहा पितो का? उत्तरं नकारार्थी आली, तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी तिथल्या तिथे द्यायची. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा तपासणीची तरतूद आहे. आता त्या केंद्रांत वाचा-उपचारक आणि मानसशास्त्रज्ञांच्या जागा भरलेल्या असायला हव्यात, आणि ती मागणी आमदारांकडे आपण पाण्याच्या आणि रस्त्याच्या मागणीइतक्याच जोराने करायला हवी.

परवा बहिणीच्या शेजारची मुलगी सतरा महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. खाली पार्किंगमध्ये बाळ एका स्कूटरचं चाक फिरवत बसलं होतं, बराच वेळ. बहीण त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने ते कधी झालं, कशामुळे झालं, घरात कुणाला आहे का, असं काही विचारलं नाही.

"हा बोट करून दाखवतो का ग?" तिने विचारलं.

ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही ताई. मला वाटलं, माझंच काही चुकलं."

बहिणीने वही काढली, मधल्या पानांतून केंद्राचा पत्ता शोधला आणि तिला लिहून दिला.